डोक्यावरची लाट

कुरेसारे गाव, सारेमा बेट, सत्त्याण्णवचा फेब्रुवारी.
समुद्र इतका गोठलेला की गाड्या बर्फावरून मुख्य भूमीला जातात.
ग्रंथालयाच्या तळघरात एक जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स,
चार मोडेम, एक गळका रेडिएटर,
आणि यूलार, टार्टूहून तीन महिन्यांपूर्वी आलेला,
पायांत मोज्यांचे दोन दोन जोड.

साडेनऊला तिसरा मोडेम किंचाळतो, खरखरतो,
पलीकडच्या मोडेमशी घासाघीस करून सौदा ठरवतो.
हिरवा दिवा लागतो.
लॉगमध्ये तीच ओळ:
लाइदा. ओळख पटली नाही.
दिवा विझतो.

आज पाचवी रात्र.

वायर बघून झाली. दुसरा मोडेम लावून झाला.
पासवर्डांची फाइल फक्त रूटलाच वाचता येते, तेही ठीक.
ओळीच्या शेवटी एखादी रिकामी जागा तर लपली नाही?
नाही.
बाकी अठ्ठावीस जण सुखाने आत येतात, बाहेर जातात,
एक शाळामास्तर तर रात्रभर आतच असतो.
दार फक्त हिलाच ओळखत नाही,
सालमेच्या निवृत्त पोस्टमास्तरणीला,
जिने चाळीस वर्षं बेटावरचा प्रत्येक पत्ता ओळखला.

तो फोन करतो. कॅप्स लॉक?
"बंद आहे रे."
पासवर्ड पुन्हा सांगा.
ती सांगते, एकेक अक्षर, तार वाचावी तसं.
तो फाइलमध्ये पाहतो. तेच अक्षर, तसंच. शेवटी चव्वेचाळीस.
तो वाचून दाखवतो. ती म्हणते, "बरोब्बर."
शब्दाला काही अर्थ नव्हता, म्हणून तर त्याला आवडलेला.
अर्थ नसलेलाच पासवर्ड चांगला.
चव्वेचाळीस हा घराचा नंबर असावा.

अकराच्या पुढे, हट्टाने, तो दाराचे कान उघडतो:
येणारा पासवर्ड झाकू नकोस, जसा येईल तसा लिही.
"लाइदाबाई, आणखी एकदाच."
किंकाळी. खरखर. हिरवा दिवा.
आणि मग उघडे बाइट, ओळीने.
पहिला: दोनशे पंचेचाळीस.
त्याच्या फाइलमध्ये: दोनशे शेहेचाळीस.

एकाचा फरक.

एस्टोनियन लिपीत हे दोन ओ शेजारी राहतात.
एकाच्या डोक्यावर लाट, दुसऱ्याच्या डोक्यावर दोन ठिपके.
आणि या बेटावर
लाटेच्या ओचा उच्चार कुणाच्या तोंडात बसतच नाही,
सगळे ठिपक्यांचाच म्हणतात.
आपल्याकडे एखादा जन्मभर 'पानी' म्हणतो
आणि लिहिताना न चुकता 'पाणी' लिहितो,
तसंच.
ती बोलली बेटासारखी, टाइप केलं शाळेत शिकल्यासारखं.
यूलारने मात्र जे ऐकलं तेच लिहिलं.
खोटं कुणीच बोललं नव्हतं. दारही नाही.

त्याने ठिपके पुसले, लाट घातली,
आणि अर्थ नसलेला शब्द
समोर उभा राहिला: बहीण.

चव्वेचाळीस, म्हणजे तो सप्टेंबर.
रात्री किनाऱ्यावरून निघालेली होडी,
जागा एकीलाच होती, थोरली गेली.
ती आता गॉटलंडला असते, तिचा नातू तिची पत्रं टाइप करतो.
आणि तिथल्या स्वीडिशमध्ये
ठिपक्यांनिशी हाच शब्द खरंच आहे.
त्याचा अर्थ नशीब.
किंवा ओसाड.
यूलारला हे माहीत नव्हतं. मलाही उशिरा कळलं.

बारा वाजून चार मिनिटं.
लाइदा. ओळख पटली.
दिवा लागला तो लागलेलाच राहिला.
पत्रं वाचणं त्याचं काम नव्हतं,
त्याने फक्त आकडे पाहिले:
आत आलेली अकरा, बाहेर गेलेलं एक,
फारच लहान.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, हाच शब्द का ठेवलात?
"लक्षात राहतो म्हणून," ती म्हणाली,
आणि तो पुन्हा ठिपक्यांनीच उच्चारला.

त्याने नाही दुरुस्त केला.
चौथा मोडेम वाजायला लागला होता.